महागडा स्पार्क प्लग बसवल्याने गाडीची ताकद वाढते का?

वाचकांचे प्रश्न : मोटारगाडी

इरिडियमचे, प्लॅटिनमचे, दोन शिंगांचे, चार पायांचे असे निरनिराळे स्पार्क प्लग हल्ली घरबसल्या मागवता येतात, आणि त्यांच्या खोक्यांवर वाढीव ताकद, वाढीव ॲव्हरेज असे भरघोस दावेही असतात. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. रनिंग ६२,००० किलोमीटर झाले आणि कंपनीचे निकेलचे प्लग तोवर एकदाही बदललेले नव्हते. मित्राच्या आग्रहावरून चार इरिडियम प्लग बसवले. गाडी लगेच हलकी वाटू लागली, पिकअप सुधारला आणि ॲव्हरेज १५.२ वरून १६.४ वर गेले. आमचे मेकॅनिक मात्र म्हणतात की साधे प्लग घातले असते तरी हेच झाले असते. दोघांपैकी खरे कोणाचे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मेकॅनिकचे. आपल्याला जाणवलेला फरक खोटा नाही, परंतु त्याचे श्रेय इरिडियमला देण्यापूर्वी तुलना कशाची कशाशी झाली हे पाहायला हवे. आपण नव्या इरिडियम प्लगची तुलना नव्या निकेल प्लगशी केलेली नसून ६२,००० किलोमीटर झिजलेल्या निकेल प्लगशी केली आहे. साधा निकेल प्लग साधारण ३०,००० ते ४०,००० किलोमीटरवर बदलावा असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. म्हणजे आपली गाडी बराच काळ मुदत संपलेल्या प्लगवर चालत होती.

काढलेले जुने प्लग आपण टाकून दिले नसतील तर त्यातला एक उजेडात धरून पाहावा. नव्या प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडचे टोक सपाट असते आणि त्याच्या कडा बोटाला लागतील इतक्या स्पष्ट असतात. जुन्या प्लगमध्ये त्या कडा गोलसर झालेल्या दिसतील, वरून वाकून आलेल्या पट्टीच्या खालच्या अंगाला बारीक खळगा पडलेला असेल, आणि त्या दोहोंमधली मूळची ०.८ मिलिमीटरच्या आसपासची फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली तर ती चांगलीच वाढलेली आढळेल. यात नवल काही नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. सरासरी २,००० आरपीएम आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर ४०,००० किलोमीटरमध्ये एकेका प्लगमधून सुमारे ६ कोटी ठिणग्या पडून गेलेल्या असतात, आणि प्रत्येक ठिणगी धातूचा कण न् कण उडवत असते.

गॅप वाढली आणि कडा बोथट झाल्या की ठिणगी पडण्यासाठी कॉइलला (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाला) अधिक व्होल्टेज द्यावे लागते, कारण विद्युतक्षेत्र टोकदार जागी एकवटते आणि बोथट जागी विखुरते. शिवाय सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितके लागणारे व्होल्टेजही जास्त. म्हणून झिजलेला प्लग उभ्या गाडीत बिनबोभाट चालतो आणि खंबाटकीचा घाट भरल्या गाडीने, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढू लागलो की अधूनमधून चुकतो. चुकलेल्या प्रत्येक ठिणगीबरोबर त्या सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवा न जळता बाहेर पडते. त्या हवेतला ऑक्सिजन सायलेन्सरच्या नळीतल्या सेन्सरला दिसतो, ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, समज होतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो आणखी पेट्रोल सोडतो. ताकद घटते आणि ॲव्हरेजही घटते. नवे प्लग बसवल्यावर हे सगळे थांबते. आपल्या गाडीला जे मिळाले ते तिचे स्वतःचेच होते, झिजलेल्या प्लगांमुळे हरवलेले.

आता निरोगी इंजिनाचा विचार करू. कॉइलमधून येणाऱ्या ठिणगीत साधारण दहा-वीस मिलिज्यूल किंवा त्याहून जास्त ऊर्जा असते, आणि योग्य प्रमाणातले पेट्रोल-हवेचे शांत मिश्रण पेटवायला एक मिलिज्यूलही लागत नाही. प्रत्यक्ष सिलिंडरमध्ये मिश्रण घुसळत असते, जळलेला वायू त्यात मिसळलेला असतो, म्हणून बरीच जास्तीची शिल्लक ठेवावी लागते. परंतु एकदा ज्योत धरली आणि ती स्वतःच्या बळावर पसरू लागली की प्लगचे काम संपते. पुढे ती किती वेगाने पसरेल हे सिलिंडरमधली घुसळण, मिश्रणाचे प्रमाण आणि दाब ठरवतात. होळी काडीने पेटवली काय किंवा मशालीने, लाकडे जेवढी रचली असतील तेवढीच जळतात. पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ईसीयू ठरवतो, हवा किती आत येईल हे थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह ठरवतात. यातल्या कोणत्याही गोष्टीला प्लगचा हात लागत नाही. धडधाकट इंजिनात आत गेलेल्या पेट्रोलपैकी ९५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा जळून मोकळी होतच असते, तेव्हा 'संपूर्ण ज्वलन' करून दाखवणाऱ्या प्लगला वाढ करायला जागा फार थोडी उरते, आणि त्या उरलेल्या भागाचे मुख्य कारणही ठिणगी नसून मिश्रण आणि सिलिंडरच्या कोनाकपाऱ्या हे असते.

राहिला ॲव्हरेजचा आकडा. १५.२ वरून १६.४ म्हणजे जवळजवळ ८ टक्के वाढ. पंपावरचा नॉझल आपोआप बंद होतो त्या क्षणी टाकी किती भरलेली असते हे गाडी उभी कशी आहे आणि पेट्रोल किती जोरात सोडले आहे यावर बदलते. २५ लिटरच्या भरण्यात एका लिटरचा फरक पडला तर तेवढ्यानेच ४ टक्के इकडचे तिकडे होतात. त्यात प्लग बहुधा सर्व्हिसिंगच्या वेळीच बदलले जातात. त्याच दिवशी एअर फिल्टर नवा बसतो, ऑइल बदलते, थ्रॉटल बॉडी साफ होते, टायरमध्ये हवा भरली जाते, आणि नाव मात्र प्लगचे होते. आपल्या बाबतीत त्या दिवशी आणखी काय काय झाले हे बिलावर पाहावे.

मग इरिडियम घेऊच नये का? घ्यावा, पण कारण ओळखून घ्यावा. निकेल सुमारे १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम सुमारे २,४५० अंशांना. त्यामुळे इरिडियमचे टोक अवघे ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचे ठेवले तरी टिकते, तर साध्या प्लगमध्ये ते २.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे लागते. बारीक टोकाला ठिणगीसाठी कमी व्होल्टेज पुरते आणि नुकत्या धरलेल्या ज्योतीची उष्णता ते कमी शोषते. याचा उपयोग थंडीत पहाटे गाडी सुरू करताना, आयडलिंगला आणि कॉइल म्हातारी झाली असेल तेव्हा दिसतो. सर्वांत मोठा लाभ आयुष्याचा आहे : हे प्लग ८०,००० ते १,००,००० किलोमीटर आपली गॅप राखतात. काही गाड्यांमध्ये मागच्या बाजूचे प्लग काढायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवावा लागतो, तिथे एका वेळची मजुरी वाचली तरी प्लगच्या किमतीतला बराचसा फरक भरून निघतो. आपल्या गाडीत प्लग वरच असतील आणि आपण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करणार असाल तर साधे निकेल प्लगही तितकेच चांगले काम देतील.

प्रश्न : एका दुकानदाराने वरची पट्टी दुभंगलेला, दोन शिंगांचा प्लग दाखवला. त्याच्या म्हणण्यानुसार यात दोन ठिणग्या पडतात, म्हणून ताकद दुप्पट नाही तरी बरीच वाढते. दुसऱ्या एका प्लगला चार पाय होते. यात तथ्य किती?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ठिणगी एका वेळी एकच पडते. ज्या क्षणी ज्या वाटेने सर्वांत कमी व्होल्टेज लागेल त्या वाटेने वीज उडी मारते, आणि एकदा ती वाट उघडली की बाकीच्या वाटा त्या खेपेपुरत्या बंद होतात. चार पायांच्या प्लगमध्ये ठिणगी आज या पायाकडे तर उद्या त्या पायाकडे जाते, त्यामुळे झीज वाटली जाऊन प्लग जास्त टिकतो. काही गाड्यांमध्ये कंपनीच असे प्लग देते ते मुख्यतः याच कारणासाठी. ज्या गाडीला एका पायाचा प्लग सांगितला आहे तिच्यात मात्र जास्तीचे पाय ज्योतीच्या वाटेत उभे राहतात आणि तिची उष्णताही शोषतात.

दुभंगलेल्या पट्टीच्या प्लगची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत 'स्प्लिटफायर' या नावाने असे प्लग १९९०च्या दशकात मोठ्या जाहिरातबाजीने विकले गेले. इंधनाची बचत, कमी धूर आणि जास्त ताकद हे दावे पुराव्याविना केले जातात असा ठपका फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ठेवला, आणि १९९७ मध्ये योग्य पुरावा हाती असल्याशिवाय असे दावे न करण्याचे बंधन त्या कंपनीने मान्य केले. तोच आकार आज दुसऱ्या नावाने आपल्या दुकानात आला असेल तर दुकानदाराला एवढेच विचारावे की चाचणी कोणत्या इंजिनावर झाली आणि त्यात तुलना नव्या साध्या प्लगशी केली होती की जुन्या. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडते.

प्रश्न : एका सिलिंडरला एकच ठिणगी पुरते म्हणता, तर मग पल्सरला दोन प्लग का असतात?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : प्रश्न योग्य आहे. बजाजने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय इंजिन देऊन एका सिलिंडरला दोन प्लग बसवले, २०१२च्या पल्सर २०० एनएसला तर तीन दिले. त्याच २००३ मध्ये आपल्याकडे आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग होते. या ठिकाणी ठिणग्या दोन वेगवेगळ्या जागी पडतात. ज्योत दोन्ही टोकांकडून निघाल्यामुळे तिला कापायचे अंतर कमी होते, मिश्रण लवकर जळून होते, आणि कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकून नॉकिंग होण्याआधीच ज्योत तिथे पोहोचते. परंतु हे साधण्यासाठी सिलिंडर हेड, कॉम्प्रेशन आणि ठिणगीची वेळ हे सारे मुळापासून त्या हिशेबाने आखलेले असते. एकाच भोकात दोन शिंगे बसवण्याशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : माझी गाडी कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली आहे. पेट्रोलवर सुरळीत चालते, पण सीएनजीवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की झटके देते, मिसिंग करते. गॅरेजवाले कॉइल बदलायला सांगतात, एक जण महागडे प्लग सुचवतो. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : या पत्रातल्या लक्षणांवरून पहिला संशय प्लगवरच घ्यावा, आणि या ठिकाणी प्लगवर केलेला खर्च खरोखर कामी येतो. सीएनजीवर ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते. त्यातच पेट्रोलचे थेंब वाफ होताना सिलिंडर थोडा थंड करतात तसे गॅसच्या बाबतीत होत नाही, त्यामुळे प्लगचे टोक अधिक तापते आणि लवकर झिजते. परिणामी पेट्रोलवर अजून वर्षभर निभावला असता असा प्लग सीएनजीवर आजच दगा देतो. 'पेट्रोलवर ठीक, गॅसवर मिसिंग' ही तक्रार ठाणे-मुंबईच्या कोणत्याही गॅरेजमध्ये रोज ऐकू येते, आणि पुष्कळ वेळा ती नव्या प्लगांवर मिटते.

तरी 'महागडा' हा निकष लावू नये. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत सीएनजी आवृत्तीसाठी सांगितलेला प्लग क्रमांक पाहावा, कारण एकाच गाडीच्या पेट्रोल आणि सीएनजी आवृत्त्यांचा प्लग आणि त्याची गॅप वेगळी असू शकते. गॅप जाणूनबुजून कमी ठेवलेली असते ती कॉइलवरचा ताण कमी राहावा म्हणून. पेट्रोल आवृत्तीचा प्लग गॅप न तपासता बसवला तर नवा असूनही तो झटके देईल. बदलण्याची मुदतही पेट्रोलपेक्षा आधीची धरावी. दिवसभर गॅसवरच चालणाऱ्या गाडीला इरिडियम परवडतो, कारण झिजेचा प्रश्नच तिथे सर्वांत तीव्र आहे.

कॉइल बदलण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करून घ्यावी. स्कॅनर लावून पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोणता कोड आला आहे ते पाहावे. शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. आपल्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून गाडी पुन्हा चालवावी. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा आहे. तो जागच्या जागी राहिला तर आधी प्लग पाहावा. ही तपासणी न करता चारही कॉइल बदलायला सांगणाऱ्या गॅरेजमध्ये जाणे टाळलेले बरे. आणि झटके देणारी गाडी 'चालते आहे तोवर चालू दे' म्हणून तशीच दामटू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळते, आणि तो वितळला तर चार प्लगांच्या खर्चाची आठवणही येणार नाही इतके बिल होते.

प्रश्न : माझ्या १ लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू रिमॅप करून (ताकद वाढवण्यासाठी त्यातली आज्ञावली बदलून) घेतला. ट्यूनर म्हणतो, आता एक नंबर थंड प्लग लागेल. दुकानात गेलो तर एक जण मोठा आकडा देतो, दुसरा लहान. थंड प्लग म्हणजे नेमके काय, आणि तो घालावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्लग उष्णता निर्माण करत नाही. तो टोकाकडची उष्णता चिनी मातीच्या नाकातून धातूच्या कवचात, तिथून आट्यांमार्गे सिलिंडर हेडमध्ये आणि शेवटी कूलंटमध्ये नेतो. ते नाक लांब असेल तर उष्णतेला वाट लांब पडते आणि टोक तापलेले राहते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड प्लग. टोकाचे तापमान साधारण ४५० अंशांच्या वर राहिले तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते ८०० ते ८५० अंशांच्या पुढे गेले तर टोक निखाऱ्यासारखे तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते, आणि हे काही मिनिटे चालले तरी पिस्टनला भोक पडू शकते.

दुकानदारांचा गोंधळ आकड्यांच्या पद्धतीमुळे झालेला आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात नेमके उलट, मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. म्हणून एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग अंदाजाने कधीही घेऊ नये, त्या त्या कंपनीचा तक्ताच पाहावा.

घालावा का, याचे उत्तर रिमॅपने किती ताकद वाढवली यावर आहे. एक नंबर बदलला की टोकाकडून साधारण ७० ते १०० अंशांइतकी उष्णता अधिक बाहेर जाते, आणि ढोबळ नियम म्हणून एनजीके ७५ ते १०० अश्वशक्ती वाढीमागे एक नंबर थंड प्लग सुचवते. आपल्याकडच्या १ लिटर टर्बो गाडीचा रिमॅप एवढी वाढ देत नाही. मात्र ती वाढ मोठ्या इंजिनासारखी आठ नव्हे तर तीनच सिलिंडरवर पडते, म्हणून तो नियम जसाच्या तसा लावून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. शहरात हळू, थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत विनाकारण थंड प्लग घातला तर काजळी धरून सकाळी गाडी सुरू होताना त्रास देईल. माझे मत असे की आधी मूळच्याच नंबरचे नवे प्लग घालावेत, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवल्यामुळे गॅप सुमारे ०.१ मिलिमीटरने कमी करावी, हजार-दोन हजार किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवावी आणि मग प्लग काढून टोकाचा रंग पाहावा. तपकिरी-राखाडी रंग म्हणजे नंबर बरोबर आहे. पांढरेफटक, फोडासारखे कण चिकटलेले टोक दिसले तर थंड प्लगची गरज आहे आणि ट्यूनरकडे परत जाण्याचीही. गॅप कमी करताना इरिडियमच्या बारीक टोकावर पाना टेकवून जोर लावू नये, ते ठिसूळ असते. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. वॉरंटीचा विषय आपण रिमॅप केला त्याच दिवशी संपला असण्याची शक्यता आहे, त्यामुळे त्याची चिंता आता प्लगपुरती करण्यात फारसा अर्थ नाही.

प्रश्न : ई२० पेट्रोल आल्यापासून माझ्या २०१६च्या गाडीचे ॲव्हरेज घटले आहे. चांगले प्लग बसवून ते परत येईल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्लग झिजलेले असतील तर तेवढ्यापुरते सुधारेल. ई२०मधल्या २० टक्के इथेनॉलमुळे झालेली घट मात्र प्लगने भरून निघणार नाही, कारण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवून ई१०साठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांमध्ये ई२०मुळे इंधनक्षमता अंदाजे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. जे टाकीतच आलेले नाही ते ठिणगी कोठून आणणार?

प्रश्न : सर्व्हिस सेंटरमधला 'कंपनीचा' प्लग आणि बाजारातला प्लग यांत दर्जाचा फरक असतो का? वडील अजूनही 'मायकोचाच प्लग घे' म्हणतात. नकली प्लग कसा ओळखावा?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मोटारकंपन्या प्लग स्वतः बनवत नाहीत. ते एनजीके, डेन्सो, बॉश, चॅम्पियन यांसारख्या मोजक्या कारखान्यांतून येतात आणि मोटारकंपनीच्या खोक्यात भरले जातात. तोच क्रमांक त्याच उत्पादकाच्या खोक्यात बाजारात मिळाला तर दर्जात उणे काही नाही, किंमत मात्र बहुधा कमी असते. वडिलांचा सल्लाही चुकीचा नाही, फक्त ते नाव आता खोक्यावर सापडणार नाही. बंगळुरूची मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच मायको, ही मुळात बॉशचीच शाखा, आणि २००८ पासून तिचे नावही बॉश झाले.

घोडे पेंड खाते ते नकली मालात. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या मोठ्या बाजारांत प्रामाणिक दुकानदार पुष्कळ आहेत, तरी निम्म्या किमतीत मिळणारा इरिडियम संशयानेच पाहावा. वाकलेली पट्टी मधल्या टोकाच्या बरोबर वर नसणे, चिनी मातीवरची अक्षरे नखाने पुसली जाणे, आट्यांवर खरखर असणे आणि गास्केटची चकती हातात घेताच निसटून पडणे या खुणा ठळक आहेत. आणखी एक खूण मल्टिमीटरने कळते. आजच्या गाड्यांच्या प्लगमध्ये आत रोधक असतो, तो नसेल तर ठिणगीच्या लहरी रेडिओला आणि ईसीयूच्या सेन्सरांना उपद्रव देतात. एनजीकेच्या बीपीआर६ईएस या क्रमांकातला 'आर' हेच सांगतो. वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजल्यास अशा प्लगमध्ये रोध साधारण ५ किलोओहमच्या आसपास यायला हवा. क्रमांकात 'आर' आहे आणि मीटर शून्य दाखवतो, तर तो प्लग दुकानदाराला परत करावा.

प्रश्न : प्लग घरी बदलता येतात का? मागच्या वेळी काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या भागावर, धातूच्या अगदी वर, तपकिरी कडे दिसले. गॅरेजवाल्याने प्लग 'लीक' आहे असे सांगितले होते.
– एक वाचक, पणजी

उत्तर : प्लग वरच्या बाजूला आणि हात पोहोचेल असे असतील तर येतात. इंजिन पूर्ण थंड असावे, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग उपटताना आटे जाण्याची भीती असते, आणि हेडचे आटे गेले तर काम घरच्या आवाक्यात राहत नाही. प्लगच्या खळग्यातली धूळ आधी हवेने उडवून टाकावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग पहिले काही फेरे हातानेच फिरवावा. हात अडला तर तो तिरपा लागला आहे असे समजून काढून पुन्हा लावावा. हाताने बसल्यावर १४ मिलिमीटर आट्यांच्या, नवी गास्केट असलेल्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. टॉर्क पाना असेल तर अशा प्लगला साधारण २५ ते ३०, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण घसरटपणामुळे तेवढ्याच जोरात प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो.

ते तपकिरी कडे गळतीचे नसते. उच्च व्होल्टेजमुळे धातूच्या कडेशी हवेत मंद विद्युतस्राव होत राहतो आणि आसपासच्या तेलाच्या वाफेचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. तेवढ्यावरून प्लग बदलायची गरज नाही. पांढऱ्या भागावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र वीज आतून न जाता बाहेरून उतरते आहे असे समजावे, आणि त्या वेळी प्लगबरोबर त्याच्यावरची रबरी टोपीही बदलावी, कारण तशीच रेघ तिच्या आतल्या बाजूलाही उमटलेली असते आणि जुन्या टोपीखाली नवा प्लग थोड्याच दिवसांत पुन्हा मिसिंग करू लागतो.